टप्प

बंद ऑक्टोपॅडवर, म्हणजे आठ रबरी पॅडांच्या विजेवरच्या तालवाद्यावर, काठी मारली की ‘टप्प’ एवढाच आवाज येतो. चपलेने झुरळ मारल्यासारखा. पोटात सहाशे-सातशे वाद्यं कोंबलेली, पण वीज नसली की सगळ्यांचं मिळून हे एक अक्षर. दुकानात वाद्य पाहायला मागितलं की काउंटरवरचा दादा पहिली गोष्ट करतो ती ही, की घाईघाईने वायर जोडतो, आवाज चढवतो आणि तयार ताल सोडून देतो. दुकान दणाणतं, गिऱ्हाईक खूश. त्याला हात जोडून सांगावं, दादा, जरा बंदच असू दे.

कारण त्या टप्पमध्ये बरंच कळतं. वाद्य जुन्या बाजारातलं असेल तर आठही पॅड बंद असतानाच एकेक करून वाजवावेत. एखादा बाकीच्यांपेक्षा पोकळ बोलला, तर त्याच्या रबराखालचा फोम दबलेला असतो किंवा रबर सुटलेलं असतं. तो पॅड हमखास खालच्या रांगेतला, उजव्या हाताखालचा. आयुष्यभर ज्याच्यावर स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम, लावलेला होता, तो.

नाव खरं तर ‘ऑक्टापॅड’. पण ऑक्टोबर आणि ऑक्टोपस ज्यांच्या तोंडात बसलेत त्यांच्याकडून तो ऑक्टोपॅडच होणार, आणि झालाही. रोलंड या जपानी कंपनीचा पहिला, १९८५ सालचा पॅड-८, तर चालू असतानाही मुकाच असायचा. त्याला स्वतःचा एकही आवाज नव्हता. मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायच्या, वायरीतून दुसऱ्या यंत्राला ‘आता तू वाज’ एवढं सांगायचं काम तो करी. मुकादमच म्हणा. पुढे आवाज पोटात आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज आणि ९९ पॅच, म्हणजे पॅडांवरच्या आवाजांच्या मांडण्या, होते. ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, हळदीच्या मांडवात ढोलक, खंजिरी, घुंगरू, काँगो अशी माणसं रांगेने बसायची, ती एका स्टँडवर मावली. उरलेल्या माणसांचं काय झालं, हा वेगळा लेख.

आटोपशीर तालवाद्य म्हणजे जपानी कल्पना, असं मात्र कुणी समजू नये. शाळेचा बाक काय होता? कडेला तर्जनी मारली की ‘ना’, फळीच्या मधोमध तळवा मारला की ‘धुम’, शेजाऱ्याचा कंपास उलटा ठेवला की झांज. फळीचा एक खिळा सैल असे. तिथे मारलं की वाजल्यानंतर बारीक किरकिर व्हायची, आणि वर्गातले सगळे वादक त्या जागेसाठी भांडायचे. प्रत्येक बाकाचा पॅच निराळा. बाई वळल्या की हात बाकावरच पसरून ठेवायचा, म्हणजे आवाज तिथल्या तिथे गिळला जाई. हे शेवटचं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता चालू करू. रबराखाली धक्का ओळखणारा सेन्सर असतो. बऱ्याच वाद्यांत तो म्हणजे सिरॅमिकचा थर दिलेली पातळ धातूची चकती. तिला धक्का बसला की क्षणभर वीज तयार होते. यंत्र त्या विजेची उंची मोजतं आणि १ ते १२७ मधला एक आकडा लिहून घेतं. एका फटक्याचा एक आकडा. काठी पॅडच्या मध्यावर पडली की कोपऱ्यावर, मारून उचलली की दाबून धरली, हे त्या आकड्यात नाही. म्हणून तपासायचं ते हळू वाजवून. जोरात सगळेच चांगले वाजतात.

काठी दोन सेंटिमीटरवरून नुसती पडू द्यावी. आवाज आलाच नाही तर थ्रेशोल्ड, म्हणजे पॅड बोलायला लागणारा किमान धक्का, वर आहे, तो एकेक पायरी खाली आणायचा. फार खाली आणला की शेजारच्या बेस स्पीकरच्या हादऱ्यानेही पॅड आपणहून बोलू लागतो. मिरवणुकीत टेंपोवर, खाली जनरेटर थरथरत असताना, हे भूत नेहमी येतं. तिथे थ्रेशोल्ड चढवायचा आणि नाजूकपणाचा नाद सोडायचा. मग एका पॅडवर ढोल आणि त्याच्या शेजारी घंटा लावून ढोल दणकावायचा. घंटा किणकिणली तर धक्का पॅडाखालून पलीकडे झिरपतोय, क्रॉसटॉक कॅन्सल वाढवा. एका फटक्याला दोन आवाज आले तर काठीची उसळी यंत्राने दुसरा फटका धरली. त्यासाठी मास्क टाइम असतो, फटक्यानंतर अमुक मिलिसेकंद कान झाकून घ्यायचे. हा मात्र जपून वाढवावा. जास्त झाला की ताशाची तर्री, म्हणजे भरभर पडणारे फटके, वाजवताना निम्मे दाणे यंत्रच खातं, आणि वादक स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो.

हेडफोन वायरचेच. ब्लूटूथवर आवाज यायला सहज १५० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचे चार भाग केले तर एक भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे ‘तिरकिट’मधला ‘ति’ ऐकू येईपर्यंत हात ‘र’ वाजवून ‘कि’कडे निघालेला. दहा मिलिसेकंद चालतात. साडेतीन मीटरवरचा स्पीकरही तेवढा वेळ घेतोच.

ढोलकी लावायची तर एक पॅड पुरत नाही, आणि इथेच बहुतेकांची भट्टी बिघडते. उघडा बोल एका पॅडवर, बंद बोल दुसऱ्यावर, आणि दोघं एकाच म्यूट ग्रुपमध्ये, म्हणजे एक वाजला की दुसरा गप्प होईल अशा जोडीत, हवेत. तसं नसेल तर बंद बोल मारल्यावरही मागची आस रेंगाळत राहते आणि चार मात्रांत नुसता काला होतो. बाकावर पसरलेला हात हेच काम फुकटात करत होता.

खरी पंचाईत डग्ग्याची, तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याची. मनगट शाईकडे सरकवत नेलं की घुमारा वर चढतो. किती चढवायचा, कुठे सोडायचा, ते त्या क्षणी हात ठरवतो. पॅडवरची मींड, म्हणजे ही सुराची चढण, कुणीतरी स्टुडिओत एकदा काढून ठेवलेली. तिची लांबी ठरलेली. विलंबितात ती लवकर संपते आणि पुढे रिकामी जागा उरते, द्रुतात अर्ध्यावर तुटते. हाताने वाजवायचा हँडसॉनिक, एचपीडी-२०, तेरा पॅडांचा. त्यात पॅड दाबून सूर वाकवता येतो. तबलजीला तो अर्धा तास आवडतो. मग तो मनगट सरकवायला जातो आणि रबरावर हात अडतो. पावडर टाकू नका. रबर घुमारा देत नाही तो नाहीच.

घरी आणल्यावरचे घोळ साधे असतात. एकच वायर असेल तर ती ‘एल/मोनो’च्या भोकात. नुसत्या ‘आर’मध्ये घातली तर डावीकडे ठेवलेले आवाज गायब होतात आणि यंत्र बिघडलं म्हणून फोन सुरू होतात. अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. कीबोर्डच्या १२ व्होल्टवाल्याची पिन बसली, तरी तो लावायचा नसतो.

एवढं झालं की रात्री अकराला हेडफोन घालायचे. आपल्या कानात तीस माणसांचं पथक आणि बाहेर शांतता, असं वाजवणाऱ्याला वाटतं. टेबलाचे पाय, फरशी, स्लॅब यांना तसं वाटत नाही. टेबल टाळून स्टँड घ्यावा, त्याखाली जाड सतरंजी, सतरंजीखाली फोमच्या दोन पट्ट्या. तरी थोडं जातंच. खालच्या काकूंना काँगो, संबळ, टिंपनी यातलं काही कळत नाही. त्यांना फक्त टप्प, टप्प, टप्प ऐकू येतं, आणि लय कुठे पळाली ते सगळ्यांत आधी त्यांनाच समजतं.

“काय रे, काल शेवटी शेवटी घाईत होतास का?” जिन्यात विचारतात.