नियोजनाच्या तक्त्यातील विसंगती : प्रगतीची चौथी नोंद

कोल्हापूर, जानेवारी २०२६

घरच्या आर्थिक नियोजनाची सगळी आकडेवारी एका साच्यात आणण्याचे काम डिसेंबरअखेर संपले. एप्रिल २०१४ ते डिसेंबर २०२५ या १४१ महिन्यांच्या ९,४१२ नोंदी आता एकाच तक्त्यात आहेत आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख, रक्कम, खाते, वर्ग व त्या महिन्यासाठी आधी ठरवलेला आकडा असे रकाने आहेत. यात माझ्या व पत्नीच्या पगारावर चालणारा घरखर्च आहे, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), म्युच्युअल फंडांच्या एसआयपी (दरमहाची ठरीव गुंतवणूक) आणि विम्याचे हप्ते आहेत, शिवाय थोरले बंधू पाहतात त्या पंचगंगेकाठच्या सामाईक शेतीचे ऊसबिलही आहे. या महिन्यात त्यावर विसंगती शोधणारे मॉडेल, म्हणजे इतरांपेक्षा वेगळ्या नोंदी हुडकणारी संगणकीय पद्धत, प्रथमच चालवले. त्यातून जे हाती लागले आणि जे निसटले, ते दोन्ही येथे सविस्तर लिहितो, कारण निसटलेले अधिक मोलाचे ठरले.

सुरुवात आयसोलेशन फॉरेस्टने केली. फेई टोनी लिउ, काई मिंग टिंग आणि झी-हुआ झोउ यांनी २००८ साली मांडलेली ही पद्धत पायथन या संगणकभाषेच्या सायकिट-लर्न या संग्रहात तयार मिळते आणि साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालते. तिची कल्पना मला फार आवडते. कोणताही एक रकाना घ्यायचा, त्यातील लहानमोठ्या आकड्यांच्या मध्ये कोठेही एक रेघ मारून नोंदींचे दोन भाग करायचे, आणि प्रत्येक नोंद एकटी पडेपर्यंत हे करत राहायचे. गर्दीतली नोंद एकटी पाडायला पुष्कळ रेघा लागतात, तर वेगळी नोंद दोन-चार रेघांतच बाजूला पडते. अशा एका पूर्ण विभागणीला झाड म्हणतात. अशी १०० झाडे, प्रत्येक झाडाला २५६ नोंदींचा नमुना, हे मूळ लेखातले प्रमाणच मी ठेवले. सायकिट-लर्नमध्ये नोंदीच्या वेगळेपणाच्या गुणांचे चिन्ह उलटे असते, म्हणजे गुण जितका खाली तितकी नोंद अधिक वेगळी; नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर यादीच उलटी वाचली जाते.

एक टक्का नोंदी वेगळ्या समजाव्यात असे सांगितल्यावर मॉडेलने ९४ नोंदी काढून दिल्या. सलग दोन रविवार बसून मी त्या प्रत्येक नोंदीची पावती किंवा बँकेचा उतारा काढून पाहिला. त्यांपैकी ८८ नोंदी अचूक होत्या. दिवाळीची खरेदी, गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) घेतलेले सोने, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, मुलीची प्रवेश फी आणि जवळजवळ सगळी ऊसबिले. या नोंदी क्वचित होणाऱ्या होत्या म्हणून वेगळ्या दिसल्या. उरलेल्या सहा मात्र खरोखर चुकीच्या निघाल्या. पाच नोंदी दोनदा चढवल्या गेल्या होत्या. सहावी जरा तपशिलाने सांगतो.

ते २०१७ सालचे ऊसबिल होते आणि तक्त्यात रक्कम १,६३,५०० रुपये होती. बँकेच्या उताऱ्यातील शिल्लक त्या तारखेपासून २७,००० रुपयांनी कमी येत होती. आमचे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. तेरीज (हिशेबाचा ताळा) जुळली नाही की ते आधी फरकाला नऊने भागून पाहत, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर येणाऱ्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. २७,००० ला नऊने भागले की ३,००० येतात, म्हणून बिलाची चिठ्ठी शोधली, आणि तिच्यावर १,३६,५०० असा आकडा होता. मॉडेलने ही नोंद काढून दिली हे खरे, परंतु ती चुकीची आहे म्हणून नव्हे, तर मोठी आहे म्हणून. तिच्यासोबतची अचूक ऊसबिलेही त्याने तशीच काढली होती. वडिलांची ही कसोटी मी आता आज्ञावलीत कायमची घातली आहे. नियोजित आणि प्रत्यक्ष रकमेतील फरकाला नऊने भाग जात असेल आणि दोन्ही रकमांतील अंक तेच असतील, तर नोंदीपुढे खूण उमटते.

याच टप्प्यावर मला माझ्या मांडणीतील मोठी उणीव कळली. मॉडेलला मी तारखा व रकमा दिल्या होत्या, आणि रकमेचे वेगळेपण शोधून त्याने आपले काम चोख केले होते. नियोजन तपासायचे तर रक्कम देऊन भागत नाही; ठरवले काय आणि झाले काय यांतील अंतर द्यावे लागते. घरखर्चाच्या हिशेबात जी नोंद सरळ दिसते, तीच नियोजनाच्या दृष्टीने वाकडी असू शकते.

म्हणून दुसऱ्या फेरीत १४ वर्ग आणि १४१ महिने असा १,९७४ चौकटींचा पूर्ण पट तयार केला आणि प्रत्येक चौकटीत नियोजित व प्रत्यक्ष यांतील अंतर भरले. ज्या महिन्यात नोंदच नाही तेथे प्रत्यक्ष रक्कम शून्य धरली. हे शून्य फार महत्त्वाचे आहे, कारण न झालेल्या व्यवहाराची ओळ तक्त्यात नसते आणि नसलेली ओळ कोणत्याही मॉडेलला दिसत नाही. मार्च २०२३ मधील एक एसआयपी खात्यात शिल्लक नसल्याने गेलीच नव्हती. पहिल्या फेरीत तिचा मागमूसही नव्हता. या पटात ती लगेच दिसली.

अंतरे मोजण्यासाठी सरासरी व प्रमाण विचलन न वापरता मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरला. प्रत्येक वर्गातील अंतरांचा मध्यक काढायचा, त्या मध्यकापासून प्रत्येक आकडा किती दूर आहे ते पाहायचे आणि त्या दूरपणाचाही मध्यक काढायचा. एखादा अवाढव्य खर्च सरासरीला ओढून नेतो, मध्यकाला नेत नाही. आकडा या मापाच्या किती पट दूर आहे हे ०.६७४५ ने गुणून पाहतात आणि ३.५ च्या वर गेल्यास तो संशयास्पद धरतात. इग्लेविच व होग्लिन यांनी १९९३ साली सुचवलेली ही मर्यादा मी तशीच ठेवली. येथे एक अडचण मात्र हमखास येते. पीपीएफ किंवा एसआयपीसारख्या ठरीव हप्त्यांत निम्म्याहून अधिक अंतरे शून्य असतात, त्यामुळे मापही शून्य येते आणि शून्याने भागण्याची वेळ येते. जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडांच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणून ५,००० रुपयांच्या एसआयपीत प्रत्यक्ष ४,९९९.७५ रुपये गुंतवले जातात. मी फंडाच्या उताऱ्यातील आकडा चढवतो, त्यामुळे त्या २५ पैशांपायी तेव्हापासूनची प्रत्येक एसआयपी विसंगत ठरली. अखेर मापाला किमान ५० रुपयांचा तळ दिला तेव्हा यादी वाचण्याजोगी झाली.

या फेरीतील सर्वांत बोलकी नोंद ऑक्टोबर २०२५ मधील आरोग्य विम्याच्या हप्त्याची होती. नियोजनात २८,३२० रुपये धरले होते आणि गेले २४,००० रुपये. विम्याचा हप्ता खाली येतो हे आमच्या तक्त्यात कधी घडले नव्हते, म्हणून संरक्षणाची रक्कम तर कमी झाली नाही ना, या काळजीने आधी पॉलिसीचा कागद काढला. संरक्षण तेवढेच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला, त्याचा हा परिणाम होता. १८ टक्के कर गेला म्हणून हप्ता १८ टक्क्यांनी उतरत नाही. ११८ रुपयांतले १८ जातात, म्हणजे घट सुमारे १५.२५ टक्के होते, आणि ४,३२० रुपयांचा फरक त्याच्याशी तंतोतंत जुळतो. प्रत्यक्ष नोंद बरोबर होती. जुना कर गृहीत धरून पुढे ओढलेला नियोजनाचा आकडा चुकीचा होता. पुढील दहा वर्षांच्या रकान्यात तोच कर बसलेला होता, तो सगळा काढला.

ऊसबिलाच्या वर्गात अंतरे सतत मोठी येत होती आणि तेथे मला बंधूंना फोन करावा लागला. नियोजनात मी टनेज गुणिले एफआरपी (केंद्र सरकार ठरवते तो उसाचा किमान दर) असा हिशेब धरला होता. १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) २०२३-२४ साठी टनाला ३,१५० रुपये, २०२४-२५ साठी ३,४०० आणि २०२५-२६ साठी ३,५५० असे दर जाहीर झाले आहेत, परंतु शेतकऱ्याच्या हाती येणारा दर कारखान्याच्या उताऱ्यावर आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन ठरतो. तेवढे धरूनही एका वर्षी मोठा फरक उरत होता. “अरे, सोसायटीचं कापून आलंय ते. पीककर्ज काढलं होतं की आपण त्या साली. चिठ्ठी बघ,” असे बंधूंनी सांगितले. आता एकूण बिल, तोडणी-वाहतूक, सेवा सोसायटीची वसुली आणि खात्यावर जमा असे चार रकाने केले आहेत. हे चार आकडे वेगळे मांडल्यावर या वर्गातील बहुतेक विसंगती आपोआप गळून पडल्या.

बेनफर्डच्या नियमाचीही चाचणी घेतली. नैसर्गिक आकडेवारीत सुमारे ३०.१ टक्के रकमांचा पहिला अंक एक असतो, असे तो सांगतो. आमच्या तक्त्यात पाचने सुरू होणाऱ्या रकमांची गर्दी झाली, कारण जुलै २०२० पूर्वीच्या ५,००० च्या एसआयपी आणि ५०० च्या गोल रकमा. ठरीव हप्त्यांच्या घरगुती हिशेबाला हा नियम लावण्यात अर्थ नाही, म्हणून तो विषय तेथेच थांबवला.

आता पुराविषयी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन महिने प्रत्येक पद्धतीने विसंगत ठरवले, आणि ते साहजिकच आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. आमच्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते. तक्त्यात त्या महिन्यात आठवडाभर दुधाची, भाजीची, पेट्रोलची एकही नोंद नाही, आणि त्यानंतर एकदम मोटर पंप, गाद्या, वायरिंग, गाळ उपसण्याची मजुरी. अशा नोंदी वगळून मॉडेल पुन्हा शिकवावे, असे अनेक ठिकाणी सुचवलेले असते. मीही प्रथम तसेच केले, आणि आकस्मिक निधीसाठी असलेले १,५०,००० रुपये पुरेसे आहेत असे उत्तर आले.

ते उत्तर पाहून मन स्वस्थ बसेना, कारण २०२० सालचा जानेवारी मला चांगला आठवतो. नोंदी परत घालून महिने एकमेकांशी जोडून पाहिले. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ मध्ये नेहमीपेक्षा ८७,००० रुपये अधिक गेले होते. नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, शेंड्याच्या सुरळीत गाळ बसून तो कुजला, आणि त्या हंगामाचे बिल नियोजनापेक्षा १,१२,००० रुपयांनी कमी आले. हा फटका तक्त्यात पाच महिन्यांनी, जमेच्या बाजूला, वेगळ्या वर्गात उमटला आहे. मॉडेलला त्या दोन स्वतंत्र विसंगती दिसल्या. आमच्यासाठी ती एकच घटना होती आणि तिची किंमत १,९९,००० रुपये होती. आमच्यासारख्या नदीकाठच्या घराने नियोजन करायचे तर हेच महिने आधी धरले पाहिजेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ते वगळणे म्हणजे ज्या संकटासाठी निधी ठेवायचा तेच संकट हिशेबातून काढणे होय. निधीची मर्यादा २,५०,००० रुपये केली आणि ‘पूर’ असा स्वतंत्र रकाना घालून त्याखाली खर्च व घटलेली जमा दोन्ही एकत्र बांधली.

शेवटची गोष्ट दोन्ही फेऱ्यांत पूर्णपणे निसटली. पीपीएफमध्ये पत्नीच्या खात्यावरून दरमहा १२,५०० रुपये जातात, म्हणजे वर्षाची १,५०,००० ची मर्यादा पूर्ण होते. रक्कम नेमकी, महिना नेमका, अंतर शून्य. केवळ कुतूहलाने मी तारखेच्या रकान्यावर संचयी बेरजेची पद्धत लावली. ई. एस. पेज यांनी १९५४ साली मांडलेल्या या पद्धतीत ठरलेल्या आकड्यापासूनचे लहान लहान फरक साठवत जातात, त्यामुळे कायमचा झालेला बदल उघड होतो. एप्रिल २०२१ पासून आलेखाची रेघ सरळ वर चढू लागली होती. तोवर हप्ता ३ तारखेला जात असे, त्यानंतर ७ तारखेला. पगार लांबू लागल्यामुळे पत्नीने बँकेतील स्थायी सूचना (दरमहा हप्ता आपोआप भरण्याची सोय) पुढे ढकलली होती आणि ती तशीच राहिली होती. पीपीएफचे व्याज प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मिळते, म्हणून ७ तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. ७.१ टक्के दराने एका हप्त्यामागे सुमारे ७४ रुपये, आणि ५७ महिन्यांचे, चक्रवाढ न धरता, सुमारे ४,२०० रुपये.

ही चूक आयसोलेशन फॉरेस्टला का दिसली नाही, याचा मी बराच विचार केला. तारखेचा रकाना त्याच्यापुढे होता, परंतु ७ तारखेच्या ५७ नोंदी म्हणजे स्वतंत्र गर्दीच झाली होती, आणि गर्दीतली नोंद लवकर एकटी पडत नाही. वारंवार घडणारी चूक त्याच्या दृष्टीने रीतच बनते. त्यामुळे पुढील महिन्यापासून प्रत्येक वर्गावर आधी संचयी बेरीज, मग मध्यकाचे माप आणि शेवटी आयसोलेशन फॉरेस्ट असा क्रम लावणार आहे.

पत्नीला आलेख दाखवला तेव्हा तिने त्याच संध्याकाळी स्थायी सूचना २ तारखेवर आणली. जानेवारीचा हप्ता २ तारखेला जमा झाला आहे. पाच वर्षांच्या सवयीनंतरची ही नोंद मॉडेलला वेगळी दिसणार, म्हणून ‘कारण’ या रकान्यात ‘तारीख मुद्दाम बदलली’ असे आजच लिहून ठेवले.