११ फूट ४ इंच

रात्र, साडेअकरा

आज आपल्या नव्या घराच्या जागेवर टेप लावला. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, हातात होतीच, तरी जुन्या गावठाणात कागदावर विसंबून चालत नाही. पुढे ११ फूट ४ इंच, मागे १० फूट ९ इंच, लांबी ५४ फूट. दर ५ फुटांवर, आणि प्रत्येक ठिकाणी तीन उंचींवर रुंदी घेतली, कारण उत्तरेचे शेजारी आप्पा, त्यांच्या दगडी भिंतीला वर पोट आलंय. जमिनीलगत भरतात ते दोन इंच १० फूट उंचीवर भरत नाहीत. जिथे सगळ्यात कमी भरतं, तीच खरी रुंदी.

आकडे पाठच होते. त्यांचं काही वाटलं नाही.

टेपचं टोक धरून मधे उभी होते, तेव्हा दक्षिणेच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "भिंत कुठल्या महिन्यात येईल गं? त्याआधी कुंडी हलवून घेते." आवाजात तक्रार नव्हती. गॅसवाला कधी येणार, असं विचारावं तसं विचारलं. मी म्हणाले, पाऊस संपल्यावर बघू. तेव्हापासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

दीड फूट रुंद, दोन फूट उंच खिडकी. सागाची चौकट, उभे तीन गज. गजांतून वाटी जाते, ताट जात नाही. आत ओव्याची कुंडी. पुढच्या हद्दीपासून बरोबर ३१ फुटांवर. त्या स्वयंपाकघराला दुसरी खिडकी नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. नकाशा काढताना मात्र ती खिडकी मी काढलीच नाही. शेजारची भिंत म्हणून एक सरळ रेघ ओढली आणि पुढे गेले.

दादाचं म्हणणं, खिडकी आपल्या जागेत उघडते, बुजवायचा आपल्याला हक्क आहे. तसं नाही. १८८२चा सुखाधिकाराचा कायदा उलटं सांगतो. २० वर्षं विनातक्रार, अखंड उजेड-वारा घेतला असेल तर तो हक्क खिडकीवाल्याचा होतो. काकूंची खिडकी त्याच्या कितीतरी आधीची. पण हे मी दादाला सांगितलं नाही, कारण मला कायद्याची भीती वाटत नव्हती. भीती वाटली ती काकूंना कायदा माहीत नाही याची.

खरं तर आज संध्याकाळी खूप कंटाळा आला या जागेचा. सगळ्यांच्या वाट्याला चौकोन आले आणि आपल्याला ही पट्टी. दोन्हीकडे ९ इंची भिंती, म्हणजे दीड फूट गेलं. आतून गिलाव्याचा एक इंच. राहिले ९ फूट ९ इंच, मागे ९ फूट २. त्यात कॉलम. भूकंपाच्या नियमाप्रमाणे कॉलमची लहान बाजू ३०० मिलिमीटरच्या खाली न्यायची नाही, म्हणजे ९ इंची भिंतीतून तो दोन्हीकडे तीन-तीन इंच आत येणार. यावर घासाघीस करायची नाही. ११ डिसेंबर १९६७ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट इथे वाईतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. शिवाय घर अरुंद आणि उंच. लांबीच्या दिशेने भिंतीच भिंती, आडव्या दिशेने मात्र अडवायला काही नाही. असं घर आडवंच हलतं. आडव्या चौकटी मजबूत हव्यात.

आणि जिना. अशा जागेत सगळं घर जिन्याभोवती ठरतं. आडवा, दोन वळणांचा जिना घालावा तर एका बाजूला वळायला ३ फुटांची सपाट चौकी, दुसऱ्या बाजूला चढा-उतरायला ३ फूट, मधे पावणेचार फूट उरतात. १० इंची चार पायऱ्या. पुरत नाहीत. म्हणून सरळ जिना, भिंतीला लावून, ३ फूट रुंद. १० फूट उंचीला १७ चढ, म्हणजे पायऱ्या १६, लांबी १३ फूट ४ इंच.

पहिल्या नकाशात मी तो दक्षिणेच्या भिंतीला लावला होता. काकूंच्या भिंतीला. खिडकीच्या बरोबर वर अकरावी पायरी येत होती.

कुंडी हलवून घेते म्हणाल्या.

चौक तर हवाच होता. ५४ फूट लांब घराला फक्त पुढून-मागून उजेड देऊन भागत नाही. उघडणीपासून साडेसात मीटरच्या पुढे खोलीत उजेड पोचतो असं धरायचंच नाही, हा साधा नियम आहे. जुन्या वाड्यांत चौक म्हणून तर असायचा. जपानात ओसाकाला वास्तुरचनाकार तादाओ अंदो यांनी १९७६ साली एक घर बांधलं, रुंदी जेमतेम आपल्याइतकीच, ११ फुटांच्या आसपास. त्यांनी मधला तिसरा हिस्सा आकाशाला मोकळा सोडला. पावसात एका खोलीतून दुसरीत जायला छत्री लागते. लोकांनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. मला ते घर आज पहिल्यांदा नीट समजलं. एवढ्याशा जागेतून जागा सोडायला किती धीर लागतो!

तर नऊ वाजता नवा कागद घेतला आणि जिना उत्तरेला, आप्पांच्या बाजूला नेला. चौक दक्षिणेला, २७ ते ३५ फुटांमध्ये. ३१ फूट मधोमध. तेवढ्या ८ फुटांत दक्षिणेला आपली भिंत खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतच, ९ इंच नाही, अर्ध्या विटेची, सव्वाचार इंचांची. तिथे जागेची रुंदी ११ फूट. उत्तरेची भिंत आणि गिलावा वजा जाता १० फूट अडीच इंच. जिना ३ फूट, येण्याजाण्याची पडवी ३ फूट, तिच्यावर पहिल्या मजल्याची गॅलरी, म्हणजे छत्री लागणार नाही. चौकाला उरले ४ फूट अडीच इंच. ३३ चौरस फूट आकाश. वर जाळी, पत्रा नाही.

आपलं स्वयंपाकघर १४ फुटांचं ११ झालं. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

काकूंची खिडकी उत्तरेला तोंड करून आहे, तिला ऊन कधी फारसं मिळालंच नाही. मिळतो तो आभाळाचा उजेड, दिवसभर सारखा. तो बराचसा राहील. भिंतींना पांढरा चुना दिला तर आणखी उतरेल. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा चौकाच्या तळापर्यंत ऊन येईल. दोघींनाही.

पाण्याचं मात्र सांभाळायला हवं. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्याशा चौकात ३०० लिटर पाणी. स्लॅबचं पाणी त्यात सोडायचं नाही, चौक पडवीपेक्षा ४ इंच खाली, दोन जाळ्या. एक पानांनी तुंबली तर दुसरी. पावसाची नळी संडासाच्या नळीला जोडायची नाही, नाहीतर पुढचं चेंबर भरलं की घाण उलटून घरात. बाजूला गल्ली नसल्याने मागच्या मोरीची नळी घराखालूनच पुढे आणावी लागणार. ४ इंची नळी, ४० फुटांना एक फूट उतार, ५० फुटांत १५ इंच. म्हणून जोतं २ फूट.

आणि पाया. काकूंच्या भिंतीखाली मातीत बसवलेले दगड आहेत. ५४ फूट चर एकदम उघडला तर त्यांची भिंत आपल्या खड्ड्यात येईल. चार-पाच फुटांचे तुकडे, एक सोडून एक, काँक्रीट भरल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही. मिस्त्री कुरकुर करेल. करू दे.

पावणेएक वाजले. नकाशा झाला असं वाटलं आणि पुन्हा अडकले. खिडकीची खालची कड जमिनीपासून ५ फूट १ इंच. आपलं जोतं २ फूट वर. म्हणजे पडवीतून जाणाऱ्याला ती कमरेच्या थोडी वर, ३ फूट १ इंचावर. काकूंच्या ओट्यावर काय शिजतंय ते आपल्याला दिसणार, आपण काय बोलतो ते त्यांना ऐकू जाणार. हे त्यांना चालेल का, हे मी ठरवू शकत नाही. खालच्या अर्ध्या भागाला लाकडी जाळी लावता येईल, पण मग वाटी जाणार नाही.

सकाळी नकाशा घेऊन जायचं. आतून ओट्याची उंचीही मोजून घ्यायची. कुंडी हलवू नका, एवढं आधी सांगायचं.