सात पाने कोंकणी: एका प्रयोगाची तारीख मिळवताना

मी मंचावर एकटी उभी राहून स्वतः लिहिलेले बोलते. मुंबईत या प्रकाराला आता सर्रास ‘स्पोकन वर्ड’ म्हणतात. आई साताऱ्याची, पपा गोव्यातल्या सासष्टीचे. नोकरीसाठी मुंबईत आल्यावर ते धोबीतलावाला आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहत असत. माझा सत्तर मिनिटांचा प्रयोग या दोन घरांविषयी आहे आणि पुरुषांवर व स्त्रियांवर सारखेच प्रेम करणाऱ्या मुलीसाठी त्यांपैकी एकाही घरात शब्द कसा नव्हता, याविषयी आहे. तियात्राच्या, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाट्यप्रकाराच्या, रंगमंचावरची पहिली स्त्री मानली जाणारी रेजिना फर्नांडिस १९०४ साली मुंबईतच उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल होऊन स्त्रीभूमिका करू लागले. पपांकडच्या रंगभूमीने बाई आणली, आईकडच्या रंगभूमीने पुरुषालाच शालू नेसवला, आणि मी या दोघांचीही वारस आहे, असे मी त्यात म्हणते.

कॅफेतल्या ओपन माइकला कोणी काही विचारत नाही. नाव लिहायचे आणि पाच मिनिटे बोलायचे. तिकीट लावून सभागृहात प्रयोग करायचा म्हटल्यावर मात्र संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, पोलिसांचा परवाना लागतो आणि सभागृहाची तारीख लागते. प्रमाणपत्र मिळाले. एका विशिष्ट कवितेचे समर्थन करण्यासाठी मी घरी लांबलचक भाषण तयार केले होते, ते करण्याची वेळच आली नाही, याचे मला थोडे वाईटही वाटले. परवान्याच्या १९६० सालच्या नियमांच्या शीर्षकात मेळे आणि तमाशे यांचा खास उल्लेख आहे हे वाचून मला आनंद झाला, कारण तोपर्यंत कोणत्याही कागदावर माझ्या इतके जवळचे कोणी भेटले नव्हते.

अडले ते सभागृहाच्या बुकिंगच्या खिडकीशी. सभागृह उपनगरातले, दोनशे खुर्च्यांचे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला पुन्हा प्रयोग करायचा आहे. अर्जात कार्यक्रमाच्या प्रकारापुढे नाटक, नृत्य, वाद्यवृंद, व्याख्यान आणि शालेय स्नेहसंमेलन असे पर्याय होते. मी नाटक या शब्दावर खूण केली. बाबूंनी विचारले, “पात्रे किती?” एक म्हटल्यावर त्यांनी ती खूण खोडून व्याख्यानावर केली. नाट्यप्रयोगाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटीची सूट असते आणि मी ३०० रुपयांचे तिकीट ठरवले होते. व्याख्यानालाही ती सूट मिळते की नाही, हे त्या खिडकीवर कोणीच सांगू शकेना.

विषयाच्या रकान्यात मी ‘एका उभयलैंगिक स्त्रीचे आत्मकथन’ असे लिहिले होते. बाबूंनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि अतिशय सभ्यपणे विचारले, “म्हणजे मॅडम, स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश आहे, असेच ना?” मी होय म्हटले. हे उत्तर खोटे नव्हते, पण भ्याडपणाचे होते, आणि ज्या बाईने सत्तर मिनिटे याच विषयावर निर्भीडपणे बोलायचे ठरवले आहे तिने खिडकीशी असे करावे, हे मला दोन रात्री खुपत राहिले.

खरी कोंडी भाषेची होती. त्या सभागृहात मराठी नाटकाला भाडे कमी आणि इतर भाषांना जवळजवळ दुप्पट आहे. संहितेची पाने बावीस. अकरा मराठी, सात कोंकणी आणि चार इंग्रजी. बाबूंनी पान न् पान उलटून हिशेब केला आणि निकाल दिला की निम्म्याहून अधिक मराठी नाही, सबब सवलत नाही. कोंकणीची पाने मी पपांच्या सवयीप्रमाणे रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहिली होती, ती त्यांनी सरळ इंग्रजीत धरली. मी समजावून सांगितले, एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तर दादही दिली. पण कागदावर जे दिसते तेच आम्ही मोजतो, असे मला सांगण्यात आले. निघताना “तुमचे मराठी मात्र छान आहे हो,” असेही ते म्हणाले. माझे आडनाव पोर्तुगीज वळणाचे असल्यामुळे हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे, आणि आई समोर नसताना त्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही.

तीन आठवड्यांत पाच खेपा झाल्या. साहेब एकदा रजेवर होते, एकदा बैठकीत, आणि एकदा जागेवर होते पण शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर होती. शेवटी नाट्यगृहात प्रकाशयोजनेचे काम करणाऱ्या एका वयस्कर काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “ताई, प्रकारात एकपात्री लिहा, आणि ती सात पाने देवनागरीत करून आणा.” एकपात्री या शब्दावर मी आधी अडून बसले होते, कारण त्यात एकच माणूस अनेकांची सोंगे आणतो आणि मला तर सगळी सोंगे उतरवायची होती. पण तोपर्यंत माझ्यात हा वाद घालण्याचे त्राण उरले नव्हते.

घरी बसून मी सात पानांचे लिप्यंतर केले. एकही शब्द बदलला नाही. बाबूंनी नवी प्रत चाळली आणि अठरा पाने मराठी असल्याचे पेन्सिलीने नोंदवले. सवलत मंजूर झाली. हे पपांना कळले तेव्हा ते तासभर बोलले नाहीत. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असे ठरवल्याचा सल त्यांना आजही आहे, आणि त्यांच्या मुलीने भाड्याच्या पैशांसाठी तीच गोष्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली होती. पावती हातात आल्यावर मला मात्र प्रचंड सुटल्यासारखे वाटले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

अशा वाटेने जाणाऱ्या बाईने संहिता पहिल्यापासूनच देवनागरीत टंकित करून घ्यावी आणि पानांना क्रमांक घालावेत. मंजूर संहितेत नंतर भर घालायची तर ती पुन्हा दाखवावी लागते, म्हणून दर प्रयोगाला ओळी बदलण्याची आपली सवय आधीच आवरावी. तारखेचे पत्र हाती येईपर्यंत पोस्टर छापू नये. माझी पन्नास पोस्टरे चुकीच्या रविवारची आहेत. ध्वनिमुद्रित गाणे वाजवायचे असेल तर त्याच्या परवानगीचा वेगळा कागद मागतात, म्हणून मी मांडो, म्हणजे गोव्याचे कोंकणी प्रेमगीत, स्वतःच्या बेताच्या गळ्याने गायले आणि पपांनी पहिल्या रांगेतून सूर सांभाळला.

अनामत रक्कम परत घेण्यासाठी मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. पावतीवर ‘एकपात्री, मराठी, सर्वांना प्रवेश’ असे लिहिले आहे. ती मी अजून खिडकीवर दिलेली नाही.