एमआरआय स्वच्छ होता तरी

न्यूरॉलॉजीत डीएम ही पदवी करताना माझे जे निदान सर्वांत वाईट चुकले, ते कुठल्या दुर्मिळ आजाराचे नव्हते, साध्या चक्करेचे होते. गोव्यातल्या पेडण्याकडचे एक काजू बागायतदार आदल्या रात्रीपासून सतत चक्कर आणि उलट्या होत असल्याने भरती झाले होते. हातापायांत जोर होता, बोलणे स्पष्ट होते, एमआरआयही स्वच्छ आला. तेव्हा केसपेपरवर अंतर्कर्णाचा आजार लिहून मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी अहवाल बाजूला ठेवला. समोर बसून स्वतःच्या, म्हणजे सरांच्या, नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायला काकांना सांगून त्यांनी काकांचे डोके दोन्ही हातांत धरले आणि झटकन एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला किंचित वळवले. दोन्ही वेळा नजर नाकावरच खिळून राहिली. मला ते चांगले लक्षण वाटले, आणि नेमके तेच उलटे होते. तोल सांभाळणारी कानाकडची नस बिघडली असती, तर त्या बाजूला डोके वळताच नजर घसरून क्षणभराने परत नाकावर आली असती. चक्कर चालू असताना ही चाचणी नॉर्मल यावी, म्हणजे दोष मेंदूत शोधायचा. मग सरांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकला, तेव्हा उघडलेला डोळा खालून वर सरकून जागेवर येताना मलाही दिसला. पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये लहान मेंदूतला इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, उमटला होता.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात डोळ्यांच्या अशा तीन चाचण्यांतून मेंदूच्या झटक्याचा एकही रुग्ण निसटला नाही, उलट पहिल्या ४८ तासांतल्या काही एमआरआयमधून निसटले. अर्थात, तपासणारे हात तिथे तज्ज्ञांचे होते. माझा पहिला महिना डोके इतक्या हळू वळवण्यात गेला की नजर घसरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि प्रत्येक चाचणी नॉर्मलच यायची!

आता मी रेसिडेंटना सांगतो की स्कॅन उघडण्यापूर्वी दोष कुठे आहे ते लिहा. शिवाय आपल्याकडे कोकणीत काय नि मराठीत काय, उठल्यावर अंधारी येण्यापासून तोल जाण्यापर्यंत सगळ्याला चक्करच म्हणतात. त्यामुळे कशी येते यापेक्षा कधीपासून, सतत की थांबून थांबून, आणि कशाने सुरू होते, हे विचारलेले अधिक कामी येते.

काकांच्या केसपेपरवरची माझी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून दुसरी लिहिली.