थेंब लटकत नाही तेव्हा लाटा मोजा

गॅस आणि तेलामधलं इंटरफेशियल टेन्शन, म्हणजे दोघांच्या सीमेवरचा ताण, मोजायचं म्हटलं की बहुतेक जण पेन्डन्ट ड्रॉपच लावतात, म्हणजे हाय प्रेशर सेलमध्ये सुईच्या टोकाला तेलाचा थेंब लटकवायचा, फोटो काढायचा आणि थेंबाच्या आकारावरून टेन्शन काढायचं. पाच-दहा मिलिन्यूटन प्रति मीटर असेल तोवर बिनधास्त वापरा. पण आम्हा रिझर्व्हॉयरवाल्यांना, म्हणजे जमिनीखालच्या तेलसाठ्यांवर काम करणाऱ्यांना, खरा रस असतो तो त्याच्या बराच खाली. खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं तेल कार्बन डायऑक्साइड सोडून बाहेर काढायचं तर, आणि टेक्सासच्या सॅक्रॉक तेलक्षेत्रात हे १९७२ पासून चालू आहे, गॅस आणि तेल जवळजवळ एकजीव व्हायला लागतात. प्रेशर वाढवत नेलं की टेन्शन शून्याकडे जातं आणि नेमका तिथेच थेंब दगा देतो! टेन्शन ०.०१ मिलिन्यूटन प्रति मीटर आणि घनतेतला फरक १०० किलो प्रति घनमीटर धरा, थेंब येतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, तो सुईला धरत नाही, ओघळून जातो.

म्हणून मला लाइट स्कॅटरिंग, म्हणजे पृष्ठभागावरून विखुरलेल्या प्रकाशावरून टेन्शन काढणं, मनापासून आवडतं. द्रव कितीही शांत दिसू दे, त्याचा पृष्ठभाग कधीच सपाट नसतो, रेणूंच्या उष्णतेमुळे त्यावर सतत लाटा उठत असतात आणि एरवी त्यांची उंची नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. स्मोलुकोव्स्कीनं हे १९०८ मध्ये सांगितलं, मँडेलस्टामनं १९१३ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि १९२५ मध्ये कलकत्त्याला रामन आणि एल. ए. रामदास यांनी द्रवांच्या पृष्ठभागावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा टेन्शनशी असलेला संबंध अभ्यासला, तेही लेसर नसताना. हे रामदास म्हणजे पुढे पुण्याच्या वेधशाळेत शेती-हवामानाचं काम उभं करणारे तेच, पुण्यात त्यांचं हे आधीचं काम फारसं कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मोजतात कसं. लाल हीलियम-निऑन लेसर पृष्ठभागावर टाकला की परावर्तित ठिपक्याच्या अगदी शेजारी फिकट प्रकाश पसरतो. १०० मायक्रॉन लांबीची लाट पकडायची तर त्या ठिपक्यापासून फक्त ०.३६ अंश बाजूला बघायचं, म्हणजे एक मीटरवर सहा-साडेसहा मिलिमीटर. ही लाट साध्या तेलावर सेकंदाला १०-१५ हजार वेळा हेलकावते, तेवढाच फरक प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीत पडतो, म्हणून मूळ लेसरचा थोडा प्रकाश त्यात मिसळून बीट्स, म्हणजे त्या फरकाइतक्या फ्रिक्वेन्सीचे चढउतार, टिपायचे. बीट्सची फ्रिक्वेन्सी टेन्शन सांगते आणि ते किती लवकर विझतात त्यावरून व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, कळते, एका मोजणीत दोन गोष्टी. टेबल मात्र कंपनांपासून वेगळं ठेवायलाच हवं, खालून ट्रक गेला तरी सिग्नल बिघडतो.

खरी गंमत पुढे आहे. थेंबाच्या गणितात घनतेतली वजाबाकी लागते आणि ती मिसिबिलिटीजवळ, म्हणजे गॅस आणि तेल एकजीव होण्याच्या जवळ, शून्याकडे जाते, इथे दोन्ही घनतांची बेरीज लागते, ती काही शून्य होत नाही. टेन्शन उतरलं की लाटा मोठ्या होतात, गॅस आणि तेल या दोन्ही फेजेसचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वळतो तो आकडा) एकमेकांजवळ येत असूनही सिग्नल एकंदरीत वाढतोच. अगदी खाली गेलं की लाटा हेलकावत नाहीत, नुसत्या विरून जातात, मग त्यांच्या विरण्याच्या वेगावरून टेन्शन काढायचं, फक्त तेव्हा व्हिस्कॉसिटी आधी माहीत हवी.

मिसिबिलिटीपासून लांबच्या प्रेशरवर थेंबानं दोन-चार पॉइंट घेऊन सरळ रेघ शून्यापर्यंत ओढायची जी सवय आहे ती मला अजिबात पटत नाही. क्रिटिकल पॉइंटजवळ, म्हणजे दोन्ही फेजेसमधला फरक संपतो तिथे, टेन्शन त्या पॉइंटपासूनच्या अंतराच्या साधारण १.२६ घातानं उतरतं, म्हणजे शेवटी कर्व्ह आडवा होत जातो, आणि सरळ रेघ मिसिबिलिटीचं प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवते, त्या भरवशावर फील्डमध्ये कॉम्प्रेसर निवडला तर पुढे त्रासच.

कुणी क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर, हे करणार असेल तर एक सांगतो, तेल काळं असलं तरी चालतं, लेसर वरून गॅसच्या बाजूनं टाका, पण पॉवर कमी ठेवा, कारण काळं तेल प्रकाश शोषून त्या जागी गरम होतं आणि टेन्शन बदलतं. दोन-तीन वेगवेगळ्या पॉवरवर मोजून बघा, आकडा हलला तर अजून कमी करा.