तुम्ही विचारलंत म्हणून : बेटावर काम मिळतं का?

मी बेटावर राहायला आले हे कळलं की लोक आधी समुद्राबद्दल बोलतात आणि मग खरा प्रश्न काढतात : ‘तिथे काम मिळतं का? की स्वतःचंच काहीतरी सुरू करावं लागतं?’ विचारणाऱ्यांत नोकरीला कंटाळलेले असतात, निवृत्तीला टेकलेले असतात, जोडीदाराची बदली बेटावर झाली म्हणून निघालेलेही असतात. सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते. माझं बेट कोणतं ते सांगत नाही, कारण तुम्ही बहुधा वेगळ्याच बेटावर जाणार आहात आणि जे सांगायचं आहे ते तिथेही लागू पडतं.

काम मिळतं. पुष्कळ मिळतं, पण तुकड्यातुकड्यांत. धंदाही जमतो, मात्र बोटीचं गणित पक्कं कळल्यावर.

छोट्या बेटालाही शाळा लागते, दवाखाना लागतो, धक्का, पाणी, वीज, टपाल, सगळंच लागतं. हे चालवायला माणसं मात्र मोजकी. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपैकी फेअर आयलवर शंभरसुद्धा लोक राहत नाहीत, तरी तिथे बोट आहे, धावपट्टी आहे, आणि विमान उतरताना अग्निशमनाला कोणीतरी उभं राहावंच लागतं. तेच हात मग मेंढ्या राखतात आणि विणकामही करतात. माझंही तसंच आहे. मी इथल्या छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, हंगामात धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसते, शाळेत कोणी रजेवर गेलं की तिथे मदतीला जाते. एकाच पगारावर जगायची सवय असलेल्याला याची आधी धास्ती वाटते. मला आता उलट वाटतं : एक काम थांबलं तरी घर थांबत नाही.

ही कामं जाहिरातीत क्वचितच दिसतात. एखाद्या घरातली मुलं मोठ्या शाळेसाठी मुख्य भूमीवर जातात, मागोमाग आईवडीलही जातात, आणि एका कुटुंबाबरोबर बेटावरची दोन-तीन कामं रिकामी होतात. त्या वेळी जो तिथे हजर असतो आणि ज्याला लोक ओळखतात, त्याला विचारणा होते. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारा, गवंडी, बोटीचं इंजिन उघडून बसवू शकणारा माणूस, यांना तर शोधायचीही गरज पडत नाही. लोकच दार ठोठावतात. मोठ्या कंपनीतला व्यवस्थापनाचा अनुभव घेऊन येणाऱ्यांना मी आधीच सांगते, हातात आणखी एखादं कसब घेऊन या.

पण त्याआधी परवानगीचं पाहा, कारण बेटांचे कायदे अनेकदा देशापेक्षा वेगळे असतात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावर नव्याने आलेल्या माणसाला पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय कुठेही नोकरी धरण्याची मोकळीक मिळत नाही. तोवर त्याला घेणाऱ्या मालकाकडे तशी परवानगी असावी लागते. फिनलंडच्या ओलांड बेटांवर स्वतःच्या नावाने व्यवसाय करायला तिथला रहिवासहक्क किंवा खास परवाना लागतो, आणि हा नियम मुख्य भूमीवरून आलेल्या फिनलंडच्या नागरिकालाही लागू आहे. रहिवासहक्कासाठी पाच वर्षं राहायचं आणि स्वीडिश भाषा यायला हवी. आपल्या लक्षद्वीपला तर इतर राज्यांतल्या भारतीयांनाही १९६७ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. उलट टोकाला नॉर्वेचं उत्तर ध्रुवाकडचं स्वालबार्ड. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, पण स्वतःचा खर्च स्वतःला भागवता येत नसेल तर राज्यपाल तुम्हाला परत पाठवू शकतात. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. जागा थोडी, पाणी थोडं, आणि बाहेरचा पैसा आला की घरं आधी हातची जातात. तुम्हीआम्ही बाहेरचेच आहोत हे लक्षात ठेवून हे नियम वाचावेत.

घरांची अडचण कामापेक्षा मोठी आहे. सुट्टीसाठी घेतलेली घरं वर्षाचे कितीतरी महिने कुलूप लावून उभी असतात आणि शिक्षकाला खोली मिळत नाही, हे चित्र जगभर कितीतरी बेटांवर दिसतं. मालक माणूस शोधत असतो, माणूस काम शोधत असतो, दोघांच्या मध्ये छप्पर नसतं. म्हणून नोकरी विचारताना पहिला प्रश्न राहण्याचा करा. स्वालबार्डला बहुतेक घरं नोकरी देणाऱ्यांच्याच मालकीची आहेत, नोकरी सुटली की घरही सुटतं, हाही मुद्दा त्यातलाच. ‘आयर्लंडची बेटं राहायला येणाऱ्याला ८४,००० युरो देतात’ अशी बातमी मला अजून कोणी ना कोणी पाठवतं. २०२३ मध्ये जाहीर झालेली ती रक्कम ही मोडकळीस आलेलं जुनं घर दुरुस्त करण्यासाठीच्या अनुदानाची कमाल मर्यादा आहे. घर आधी तुम्ही विकत घ्यायचं, आणि त्यामुळे व्हिसा वगैरे काही मिळत नाही.

आता धंदा. कॅफे काढायचा, चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे, हे स्वप्न इतक्या जणांनी मला सांगितलं आहे की मी त्याचं उत्तर मनापासून देते : पहिल्या वर्षी हे करू नका. गिऱ्हाईक हंगामापुरतं असतं, वाढायला-धुवायला ठेवलेल्या माणसांना राहायला जागा लागते (पुन्हा तेच), आणि ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ बोटीने येतो. वादळाने फेऱ्या बंद पडल्या तर माल येत नाही आणि पाहुणेही येत नाहीत. त्यामुळे माल नेहमी जास्तीचा भरून ठेवावा लागतो, आणि त्यात जो पैसा अडकतो तो कागदावरच्या नफ्यात दिसत नाही. हिशेब लिहिताना मला तो दरमहा दिसतो.

वाहतुकीचं भाडं केवळ अंतरावर ठरतं असंही नाही. हवाईचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या १९२० च्या ‘जोन्स कायद्या’प्रमाणे देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं आणि अमेरिकनांच्याच मालकीचं असावं लागतं. जहाजं कमी, त्यामुळे भाडी चढी. तिथे दुकान टाकणाऱ्याच्या खर्चात या जुन्या कायद्याचाही वाटा असतो.

म्हणून कोणी वही घेऊन आलं की मी एकच विचारते : तुमच्या धंद्यासाठी बोटीतून काय येणार, काय जाणार, आणि त्याचं वजन किती? काचेच्या बाटल्यांतून काही विकायचं असेल तर रिकाम्या बाटल्यांचं भाडं आधी आणि भरलेल्यांचं नंतर, असं दोनदा पडतं. हलकं आणि मोलाचं ते तरतं. हॅरिस ट्वीड हे कापड बघा. १९९३ च्या कायद्याने ते स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच, तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेलं असावं लागतं. कापडाचा गठ्ठा बोटीला जड नाही, आणि बेटाचं नाव हीच त्याची किंमत.

पण माझं स्वतःचं मत विचाराल तर सगळ्यात चांगला धंदा दुरुस्तीचा. शीतपेटी बिघडली, पंप बसला, छत गळायला लागलं, की मुख्य भूमीवरून कारागीर बोलवायचा म्हणजे त्याचं बोटभाडं, त्याचा मुक्काम आणि हवामानाची वाट पाहणं. इतर धंद्यांना समुद्र आडवा येतो, या धंद्याला तोच गिऱ्हाईक आणून देतो. हंगाम संपल्यावर काम उलट वाढतं, कारण तेव्हाच लोक दुरुस्त्या काढतात. आणि एक जुनं यंत्र वाचलं की एक नवं यंत्र बोटीतून आणावं लागत नाही, हे बेटाच्याही भल्याचं.

विजेची चौकशी जागा घेण्याआधी करा. स्कॉटलंडच्या एग बेटाने २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था उभी केली. सगळ्यांना पुरावी म्हणून तिथे घराला एका वेळी ५ आणि व्यवसायाला १० किलोवॅटची मर्यादा आहे. मोठी भट्टी लावायचा बेत असेल तर तो तिथेच संपतो.

दूर बसून संगणकावर काम करणाऱ्यांचं बरंच सोपं झालं आहे. अंदमानला चेन्नईहून समुद्रतळाची इंटरनेट केबल २०२० मध्ये पोचली, लक्षद्वीपला कोचीहून टाकलेली केबल २०२४ मध्ये सुरू झाली. तरी जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाची केबल तुटली तेव्हा मुख्य बेटालाही ती परत मिळायला पाचेक आठवडे लागले होते. तुमच्या मालकाला हा धोका आधीच सांगून ठेवा, आणि उपग्रहाची जोडणी परवडते का तेही पाहा.

राहिला स्पर्धेचा प्रश्न. बेटावर एक सुतार असेल आणि तुम्हीही सुतार असाल, तर पाटी लावण्याआधी त्याच्याकडे जा. त्याला कुठलं काम नकोसं झालंय, कुठलं पुरं होत नाही, हे विचारा. दोघांना पुरेल इतकं काम नसेल तर तोच सांगेल, आणि असेल तर तुमची पहिली गिऱ्हाइकं त्याच्याकडूनच येतील. ही भेट हंगाम नसताना घ्या. हंगामात त्याला बोलायला वेळ नसतो.