वेग कुठे अडत होता

जुलै महिन्यात प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची घाई सुरू झाली, की घरून काम करणाऱ्या सनदी लेखापालांचे फोन मला जास्त येऊ लागतात, कारण वर्षभर कसेबसे चालवून घेतलेले इंटरनेट त्या दिवसांत चालवून घेता येत नाही. डोंबिवली आणि ठाकुर्ली परिसरात घरगुती संगणकांची आणि नेटवर्कची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. अशाच एका जुलैत एका मॅडमचा फोन आला. ‘दादा, राउटर बदलून झाला, प्लॅन वाढवून झाला, कॉम्प्युटर फॉरमॅट मारून झाला. आता एकतर तुम्ही या, नाहीतर मी नवीन मशीन घेते,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला थकवा मला चांगला ओळखता आला. विवरणपत्र भरताना मध्येच जोडणी तुटली आणि सत्र संपले, की भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते, आणि असे दिवसातून अनेकदा झाले तर कामाचा आणि मनाचा किती ऱ्हास होतो, हे मी अशा घरांतून पाहिलेले आहे.

घर तिसऱ्या मजल्यावरचे होते. फायबरची जोडणी आणि राउटर बाहेरच्या खोलीत, तर कामाची खोली आतल्या बाजूला होती. मध्ये दोन विटांच्या भिंती आणि एक काँक्रीटचा खांब येत होता. टेबलाखाली संगणकाचे लोखंडी कॅबिनेट भिंतीला जवळजवळ टेकलेले होते आणि त्याच्या मागच्या पोर्टमध्ये नखाएवढे वायफाय डोंगल, म्हणजे संगणकाला बिनतारी जोडणी देणारे छोटे उपकरण, लावलेले होते. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारे, खोक्यावर १५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहिलेले साधे डोंगल होते. असा एकच अँटेना असलेल्या डोंगलकडून प्रत्यक्षात तीस-चाळीस एमबीपीएस मिळाले तरी ते आपले काम नीट करते आहे असे समजावे, आणि विवरणपत्रे भरायला तेवढा वेग भरपूर आहे. मॅडमच्या संगणकावर मात्र दोन-तीन एमबीपीएसही टिकत नव्हते.

‘इंटरनेट स्लो आहे’ ही तक्रार एका वाक्यात सांगता येत असली, तरी तिच्या पोटात निदान तीन वेगळे टप्पे असतात. सेवा पुरवणाऱ्याकडून राउटरपर्यंत येणारी वायर, राउटरपासून संगणकापर्यंतची हवा, आणि संगणकाच्या आतली यंत्रणा. या तिन्हींचे मोजमाप वेगवेगळे केल्याशिवाय एकही वस्तू बदलू नये, या मताचा मी आहे. म्हणून प्रथम माझा लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला आणि वेग तपासला. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ च्या आसपास आकडा आला. त्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच होते, आणि अशा पोर्टमधून साधारण एवढाच वेग मिळतो. म्हणजे पहिला टप्पा निर्दोष होता. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण मॅडमकडे आधी येऊन गेलेल्यांपैकी कोणीही ती केलेली नव्हती, आणि त्यामुळे वाढवलेल्या प्लॅनचे पैसे त्या दर महिन्याला विनाकारण भरत होत्या. याचे मला मनापासून वाईट वाटले.

मग मी माझा फोन मुद्दाम २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर घेतला आणि संगणकाच्या कॅबिनेटशेजारी धरून वेग मोजला. तो चाळीसच्या जवळ आला. तीच खोली, तोच पट्टा, तोच राउटर, आणि तरीही शेजारच्या संगणकाला तीनही मिळत नव्हते. त्याहून विचित्र गोष्ट अशी, की संगणकाच्या पडद्यावर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या. या रेघांवर लोकांचा फार विश्वास असतो, पण त्या केवळ सिग्नल किती जोरात येतो आहे एवढेच सांगतात. त्या सिग्नलबरोबर किती गोंगाट मिसळलेला आहे, हे त्या सांगत नाहीत. लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेला माणूस मोठ्याने बोलत असला, तरी समोर ताशा वाजत असेल तर त्याचे शब्द कळत नाहीत, तसाच हा प्रकार असतो.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी चौकट, उघडून वायरलेसची सविस्तर स्थिती पाहिली, तेव्हा आणखी एक धागा हाती लागला. राउटरकडून संगणकाकडे येणाऱ्या बाजूचा दर कधी १३, तर कधी ६.५ एमबीपीएसपर्यंत घसरत होता, आणि संगणकाकडून राउटरकडे जाणाऱ्या बाजूचा दर त्यामानाने बरा होता. वेगाच्या चाचणीतही डाउनलोडपेक्षा अपलोड जास्त येत होते. घरगुती जोडणीत हे सहसा होत नाही. राउटरला संगणकाचे बोलणे ऐकू येत आहे, पण संगणकाला राउटरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. अडथळा हवेत सगळीकडे पसरलेला नसून तो संगणकाच्या अगदी जवळपास कुठेतरी आहे, असा संशय मला तेव्हाच आला.

तरीही शेजारच्या नेटवर्कांची गर्दी तपासल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटले नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि आज वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस असे सगळे त्याच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने नांदतात. वायफायसाठी या पट्ट्याचे जे भाग पाडलेले असतात, त्या चॅनेलांच्या मध्यबिंदूंत ५ मेगाहर्ट्झचेच अंतर असते, मात्र एकेक चॅनेल २० मेगाहर्ट्झच्या आसपास जागा व्यापते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढीच उरतात. त्या इमारतीत फोनवरच्या तपासणीत नेटवर्कांची मोठी यादी दिसली, आणि या घरचा राउटर ३ क्रमांकाच्या चॅनेलवर, ४० मेगाहर्ट्झ रुंदीने बसलेला होता, म्हणजे १ आणि ६ या दोन्ही चॅनेलांवरच्या शेजाऱ्यांशी त्याची धक्काबुक्की चालली होती. मी त्याला २० मेगाहर्ट्झ रुंदी देऊन ११ वर नेले, कारण तिथे गर्दी सर्वांत कमी होती. फोनच्या वेगात थोडी सुधारणा झाली. संगणकाच्या वेगात मात्र फरक पडला नाही.

संगणकाच्या आतल्या गोष्टींवर फार वेळ गेला नाही. डोंगलचा ड्रायव्हर नवीन टाकला, वीज वाचवण्यासाठी डोंगलला झोपवणारी सोय बंद केली, पार्श्वभूमीवर एखादी प्रणाली गुपचूप डेटा ओढत नाही ना हे पाहिले, आणि राउटरच्या सुरक्षेत जुनी टीकेआयपी पद्धत नाही याची खात्री केली, कारण ती निवडलेली असेल तर वायफायचा दर ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. यातले काहीच कारण निघाले नाही. शेवटी राउटरला सतत पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येते हे मोजणारे छोटे संदेश, पाठवायला सुरुवात केली आणि ती काळी चौकट उघडी ठेवली. घरातल्या घरात उत्तर यायला एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंद लागावेत, पण तिथे दोनशे, साडेतीनशे असे आकडे येत होते आणि अधूनमधून उत्तरच येत नव्हते.

चहा घेऊन मॅडमचे सासरे खोलीत आले. पहाटे उठून वर्तमानपत्रे वाचायला आणि अभंग ऐकायला ते याच संगणकावर बसत असत. ‘माझ्या वेळेला तर काही अडत नाही हो. सूनबाई बसली, की मगच हे सुरू होतं,’ असे ते सहज म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ‘बाबा, पहाटे अख्खी सोसायटी झोपलेली असते, म्हणून.’ हे कारण पटण्यासारखे होते, आणि याआधी आलेल्या प्रत्येकाने तेच मान्य केले होते. पण गर्दीचा मुद्दा मी थोड्याच वेळापूर्वी तपासून बाजूला ठेवलेला होता. म्हणून मी मॅडमना विचारले, की काम सुरू करताना तुम्ही संगणकावर नक्की काय काय करता, ते अगदी पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितले, की कपाट उघडून बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क काढते, ती मागे जोडते, आणि मग अशिलांच्या फाइली उघडते. रात्री काम संपले, की डिस्क काढून पुन्हा कपाटात कुलूपबंद. लोकांच्या पैशांची माहिती हाती असणाऱ्या व्यक्तीने ठेवावी तशी ती शिस्त होती, आणि मला तिचा आदर वाटला.

मी टेबलाखाली वाकून पाहिले. हार्ड डिस्कची केबल निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होती आणि वायफायचे डोंगल बरोबर तिच्या शेजारच्या पोर्टमध्ये. दोघांत बोटभरही अंतर नव्हते. मॅडमना सांगून डिस्क नियमाप्रमाणे बंद करून काढली. पिंगचे आकडे दोन-तीन मिलिसेकंदांवर आले आणि तिथेच राहिले. डिस्क पुन्हा जोडली, पुन्हा शेकड्यात गेले. एकदा झालेला फरक योगायोग असू शकतो, म्हणून हाच प्रयोग मी मॅडमच्या हातून, पडद्याकडे बघत, पुन्हा करवून घेतला. कोणतीही फाइल कॉपी होत नसतानाही डिस्कची केबल लागली की आकडे वाढत होते.

हा प्रकार तंत्रज्ञांना अनोळखी नाही. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याच विषयावर एक शोधपत्र प्रसिद्ध केले होते. यूएसबी ३.० मधून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या दराने धावतो, आणि तो धावताना केबल, जोडणीचे टोक आणि डिस्कचे खोके यांतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो फार रुंद पट्ट्यात पसरतो. २.४ ते २.५ गिगाहर्ट्झचा भाग त्यातच येतो. इंटेलच्या मोजमापात अशी डिस्क जोडल्यावर त्या भागातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढलेला आढळला, म्हणजे सुमारे शंभरपट. हा गोंगाट वायफायच्याच वारंवारतेवर असल्यामुळे तो गाळूनही काढता येत नाही, कारण गाळायला गेले तर कामाचा सिग्नलही त्याबरोबर जातो. चांगले धातूचे आवरण आणि अंतर हेच त्यावरचे उपाय आहेत. जुन्या यूएसबी २.० चा दर ४८० मेगाबिटच असल्याने त्याच्याकडून असा त्रास होत नाही. भिंतींपलीकडून आलेला राउटरचा सिग्नल डोंगलपर्यंत पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, आणि गोंगाट मात्र शेजारूनच उठत असतो. माझा फोन कॅबिनेटपासून हातभर दूर होता, म्हणून त्याला काही जाणवले नाही. एवढी जुनी आणि नोंदलेली गोष्ट डोंगलच्या किंवा डिस्कच्या खोक्यावर एका ओळीत छापायला काय हरकत आहे, हे मला आजही समजत नाही. ग्राहकाने ती स्वतः शोधून काढावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

डिस्क यूएसबी २.० च्या काळ्या पोर्टमध्ये लावली, की वायफाय सुरळीत चालत होते, पण बॅकअपला जवळजवळ तिप्पट वेळ लागला असता, आणि वेळ लागतो म्हणून बॅकअप टाळला जावा, असे काही मला होऊ द्यायचे नव्हते. म्हणून डिस्क निळ्या पोर्टमध्येच ठेवून मी डोंगलला मीटरभर लांबीची यूएसबी २.० ची एक्स्टेंशन केबल लावली, तिचे दुसरे टोक काळ्या पोर्टमध्ये दिले आणि डोंगल टेबलावर, कॅबिनेटपासून दूर, दरवाजाच्या दिशेला ठेवले. लोखंडी कॅबिनेटचा आडोसाही त्यामुळे गेला. डिस्क चालू असताना वेग पस्तीसच्या पुढे गेला. या केबलची किंमत दीडशे रुपयांच्या आत होती.

सर्वांत उत्तम उपाय वायर ओढण्याचा होता आणि तो मी सांगितलाही, परंतु भिंतीवर वायर झाकणारी केसिंग पट्टी नको, असे मॅडमच्या सासऱ्यांचे म्हणणे पडले. घर त्यांचे असल्याने त्यावर मी आग्रह धरला नाही. पुढे सवडीने ५ गिगाहर्ट्झवर चालणारे डोंगल घ्यावे, असे मी सुचवले. या पट्ट्यातला मोठा भाग २०१८ मध्ये आपल्याकडे परवानामुक्त झाला आणि तिथे गर्दीही कमी आहे, आणि डिस्कचा हा उपद्रव मुख्यतः २.४ च्या पट्ट्याला होत असल्याने त्यातूनही सुटका होते. भिंतींतून जाताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर अशक्त होतो, म्हणून दुकानातून आणलेले डोंगल परत करता येईल अशा बोलीवरच घ्या आणि त्याच खोलीत लावून बघा, हेही बजावले. वाढवलेला प्लॅन पुढच्या महिन्यापासून कमी करायला हरकत नाही, असे मी सांगितले, आणि मॅडमनी तसे केले. नवीन संगणकाची गरज उरली नाही. त्या वर्षीची त्यांची विवरणपत्रे मुदतीच्या आत भरून झाली, असे त्यांनी नंतर कळवले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत अशा एक्स्टेंशन केबली कायम असतात, आणि ‘ठराविक वेळीच स्लो होते’ असे कोणी म्हटले, की त्या वेळी संगणकाला काय जोडलेले असते, हे मी आधी विचारतो. मध्यंतरी कल्याणला एका विद्यार्थ्याने बिनतारी माउस अडखळत चालतो म्हणून बोलावले. दुकानदाराने त्याला माउस बदलून दिला होता, तरी त्रास तसाच होता. माउसचा छोटा रिसीव्हर लॅपटॉपच्या निळ्या पोर्टमध्ये होता आणि शेजारच्या पोर्टमध्ये व्हिडिओ साठवायची हार्ड डिस्क. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला, आणि माउस व्यवस्थित चालू लागला.